फेब्रुवारीत लडाखला पक्षी पाहायला जायचंय? मग गाडी कमी फिरवा

आपल्या नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ दिवसांची सुट्टी आहे, सोबत बाबा आहेत, वय ६१, बीपीची गोळी सुरू आहे पण रोज अंबाझरीला चालतात, दोघंही काही वर्षांपासून गोरेवाडा, पारडगाव, उमरेडकडे पक्षी पाहतात. टूरवाल्यानं जो प्लॅन दिला त्यात लेह, पँगाँग, हानले, उल्ले आणि परत लेह असं सगळं आठ दिवसांत कोंबलंय. वर्थ आहे का, थंडी झेपेल का, आणि एवढ्या थंडीत तिथे पक्षी असतात तरी का, असं त्या विचारून राहिल्या.

ताई, जा. नक्की जा. फक्त तो प्लॅन टूरवाल्याला परत करा, तो पक्षी पाहणाऱ्यांचा प्लॅन नाहीच, उन्हाळ्यातल्या बाइकवाल्यांचा प्लॅन आहे, त्यात फक्त महिना बदलला आणि बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, जोडली.

आधी एक गोष्ट. हिवाळ्यात लडाखमध्ये पक्ष्यांची संख्या कमीच असते, आणि त्याला कारण तुम्ही रोज पाहताच, तिकडचे बरेचसे तेव्हा आपल्याकडे आलेले असतात ना. पारडगावला जे पट्टकादंबांचे थवे उतरतात ते लडाख, तिबेट, मंगोलियाच्या बाजूचेच, हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरच्या वर उडताना मोजला गेलाय. चक्रवाक तसाच. आणि आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर नोव्हेंबरपासून शेपटी थरथरवत बसतो तो काळा थिरथिरा, ब्लॅक रेडस्टार्ट, तोही उन्हाळ्यात लडाखच्या दगडधोंड्यांत घरटं करतो. म्हणजे आकडा वाढवायचा असेल तर हिवाळ्यात लडाखला जाऊ नका, पारडगावला एका सकाळी जेवढ्या जाती होतील तेवढ्या तिथे आख्ख्या आठवड्यात होणार नाहीत, चाळीस-पन्नास झाल्या तरी मी खूप म्हणेन. ब्लॅक-नेक्ड क्रेन बघायचीय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, लडाखचा राज्यपक्षी आहे ती, पण फेब्रुवारीत ती तिथे धरायचीच नाही, ती मार्चअखेर-एप्रिलमध्ये परत येते.

मग जायचं कशाला, तर जे मागे राहतात त्यांच्यासाठी.

त्या थिरथिऱ्याचाच एक मोठा भाऊ आहे, गुल्डनस्टाट्स रेडस्टार्ट. नराचं डोकं वरून पांढरं, पंखात पांढरा मोठा चट्टा, पोट आणि शेपटी विटकरी, बाकी काळाकुट्ट. हा आपल्याकडे उतरत नाही. ब्लॅक रेडस्टार्टला किडे लागतात, किडे संपले की त्याला निघावंच लागतं, पण हा मोठा भाऊ हिवाळ्यात सीबकथॉर्नच्या फळांवर येतो, नदीकाठच्या काटेरी झुडपांवर वाळक्या पानांमध्ये नारिंगी फळं लटकलेली असतात ती खाऊन उणे पंधरा-वीसमध्ये टिकतो. एकदा झुडूप सापडलं की फार हलावं लागत नाही, एक नर फळांवर मालकी सांगत बसलेला असतो आणि दुसरा आला की त्याला हाकलतो, फोटोवाल्यांसाठी याच्याइतका सोपा पक्षी हिवाळ्यातल्या लडाखमध्ये दुसरा नाही. त्याच झुडपांमध्ये खाली ब्लॅक-थ्रोटेड थ्रश असतात, रॉबिन अ‍ॅक्सेंटर असतात, आणि नशीब असलं तर व्हाइट-ब्राउड टिट-वार्बलर, जांभळा-निळा बोटभर पक्षी, फोटोमध्ये इतका रंगीत दिसतो की लोकांना वाटतं एडिट केलाय, प्रत्यक्षात झुडपाच्या आत उंदरासारखा पळतो आणि बऱ्याचदा शेपटीच दिसते.

आता मुद्दा असा, की हिवाळ्यात तिथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या, उघडं पाणी आणि खायला काही. बाकी सगळं गोठलेलं. वरच्या दऱ्यांमधले पक्षी खाली उतरतात आणि जिथे पाणी वाहतं राहतं तिथे गोळा होतात. म्हणून तुम्ही पक्ष्यांमागे धावायचं नसतं, पाण्याजवळ जाऊन बसायचं असतं. आणि असं पाणी लेहपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच आहे, शे आणि ठिकसे या दोन गावांच्या मधला सिंधूचा पट्टा. आठातले किमान तीन दिवस तिथे द्या. टूरवाले तिथून ठिकसेच्या गोम्पाचा, म्हणजे बौद्ध मठाचा, फोटो काढून अर्ध्या तासात पुढे नेतात, हे मला कधी समजलं नाही.

आयबिसबिल तिथेच. पूर्ण कुळात जगात ही एकच जात. वाचताना वाटतं लाल लांब वाकडी चोच, काळा चेहरा, छातीवर काळा पट्टा, एवढा भडक पक्षी दिसणार नाही कसा, आणि खरंच दिसत नाही. सिंधूच्या पात्रातले गोटे राखाडी, त्याची पाठ राखाडी, आणि तो चोच पाठीत खुपसून बसला की गोटाच. तर काय करायचं, दुर्बिणीनं पक्षी शोधायचा नाही, पाण्याची कड शोधायची, बर्फाची पातळ झालर जिथे संपते आणि उथळ पाणी खळखळतं ती रेष हळूहळू डावीकडून उजवीकडे बघत जायचं आणि थांबायचं, एखादा गोटा चालला की तो आयबिसबिल. मग तो पोटापर्यंत पाण्यात शिरतो, वाकडी चोच दगडाच्या खालून फिरवतो, कधी डोकं पूर्ण पाण्यात, बाहेर काढलं की काहीतरी अळी पकडलेली असते आणि पिसांवरून पाणी ओघळतं. हे दहा-पंधरा मिनिटं बघायला मिळालं ना की तिकिटाचे पैसे वसूल. आवाज ओळखून ठेवा, जोरात वाजणारी खणखणीत शिट्टी, लागोपाठ, पुष्कळदा आधी तीच ऐकू येते.

दुसरा म्हणजे सॉलिटरी स्नाइप. शेच्या बाजूला जमिनीतून झरे निघतात, आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे ते गोठत नाहीत, त्या चिखलगवतात हा बसतो. आपल्याकडच्या कॉमन स्नाइपपेक्षा मोठा, आणि याची खूण म्हणजे झुलणं, पाय एका जागी आणि सगळं अंग स्प्रिंगवर ठेवल्यासारखं वरखाली, वरखाली. झऱ्याच्या गवतात पाय टाकू नका, काठावरून बघा. पाय टाकला तर स्नाइप उडून जाईलच, वर बूट ओला झाला तर तुमचा दिवस तिथेच संपला. त्याच झऱ्यांमध्ये वॉटर रेलही असते, आणि मॅलार्ड-गॅडवॉल वगैरे बदकं, ती तुम्ही नागपुरात पाहता तीच, पण बर्फाच्या काठावर बघायला वेगळी मजा.

इथे एक कळकळीची विनंती. आयबिसबिलचे फोटो काढायला लोक हल्ली सरळ पात्रात उतरतात, पक्षी उडाला की पलीकडे जाऊन परत उडवतात. उन्हाळ्यात त्याला दुसरी जागा असते, हिवाळ्यात उघड्या पाण्याचे तुकडेच मोजके, आणि त्या थंडीत प्रत्येक उड्डाणाची किंमत त्याला खाण्यातून भरावी लागते. मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं तर नकोच. तुमच्याकडे सहाशे एमएमची लेन्स आहे, काठावर खाली बसा आणि हलू नका, तो चरत चरत स्वतःच जवळ येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वेळेबद्दल. आपली नागपूरची सवय अशी की साडेपाचला उठायचं आणि उजाडताना तलावावर हजर. तिथे हे करू नका, ताई, बाबांना घेऊन तर अजिबात नको. डोंगर उंच आहेत, दरीच्या तळाशी ऊन पोचायलाच उशीर होतो, आणि ऊन पोचेपर्यंत पक्षीही फुगून गप्प बसलेले असतात. आरामात नाश्ता करा, नऊच्या आसपास पोचा, दोन-तीन वाजेपर्यंत बघा. दुपारनंतर वारा सुटतो आणि तो वारा तापमानापेक्षा जास्त छळतो. पहाटेचा अपवाद फक्त एक, हिमालयन स्नोकॉकची शिट्टी ऐकायची असेल तर उल्लेसारख्या गावात पहाटे अंगणात उभं राहायचं, पण तेही दहा मिनिटं, मग परत बुखारीपाशी.

बर्फ किती असेल असंही तुम्ही विचारलंय. लोकांच्या डोळ्यांसमोर सगळं पांढरंशुभ्र असतं, पण लडाख थंड वाळवंट आहे, लेहला वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे जुलैच्या एका चांगल्या दिवसात तेवढा होतो. म्हणजे लेहच्या आसपास डोंगर बहुतेक भुरकेच दिसतील, सावलीच्या बाजूला बर्फ. पण मुक्कामात एखाद्या रात्री बर्फ पडला तर दुसऱ्या दिवशी हॉटेलात बसू नका, तोच सगळ्यात भारी दिवस. वरचं सगळं झाकलं गेलं की हॉर्न्ड लार्क, ब्रँड्ट्स माउंटन फिंच, ग्रेट रोझफिंच असे थवे रस्त्याकडेला, गोठ्यांपाशी, वाळक्या चाऱ्याच्या ढिगांवर उतरतात. गाडीतूनच बघा, खाली उतरलात की थवा उठतो, गाडीला ते फारसं घाबरत नाहीत.

एक दिवस निम्मूकडे द्या. सिंधू आणि झंस्कारचा संगम, आणि तिथून झंस्कारच्या काठानं चिलिंगकडे जाणारा रस्ता. उभे कडे, खाली अर्धी गोठलेली नदी. कड्यावर वॉलक्रीपर शोधायचा, राखाडी पक्षी राखाडी दगडावर, पण सरकताना पंख फडकवतो आणि त्यात किरमिजी रंग चमकतो, तेवढ्यावर पकडायचा. खाली बर्फाच्या कडेवरून डिपर पाण्यात उड्या मारताना दिसेल, ब्राउनही आणि पांढऱ्या गळ्याचाही. आणि वर बघत राहा, लॅमरगायर म्हणजे दाढीवालं गिधाड याच दऱ्यांमधून फिरतं, हाडं उंचावरून दगडांवर टाकून फोडणारं, पंखांचा विस्तार पावणेतीन मीटरपर्यंत. उणे तापमानात मान वर करून उभं राहणं बाबांना जड जाईल, एक फोल्डिंग खुर्ची गाडीत ठेवा, खाली फोमचा तुकडा घ्या.

उल्लेला एक रात्र करायची असेल तर करा, स्नो लेपर्डच्या आशेनं लोक जातात, दिसला तर स्पॉटरच्या स्कोपमधून समोरच्या डोंगरावर ठिपका, पण चकोर, स्नोकॉक, सोनेरी गरुड हे तिथे चांगले मिळतात. ते गाव लेहपेक्षा उंचावर आहे, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसाआधी नको आणि बाबांना आदल्या रात्री नीट झोप लागली असेल तरच.

पँगाँग मात्र काढून टाका. सरोवर गोठलेलं असतं, पक्षी जवळजवळ नाहीत, जाताना लागणारी चांग ला खिंड पाच हजार मीटरच्या वर. एवढा त्रास सेल्फीसाठी. हानलेचं तसं नाही, हानले भारी आहे, तिबेटन सँडग्राउझ, तिबेटन पार्ट्रिज, स्नोफिंच, लिटल आउल, आणि पल्लास कॅट हे रानमांजर, शिवाय २०२२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला भाग, तारे बघून वेडं व्हायला होतं. पण ते लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या वर, उंची सव्वाचार हजारच्या पुढे, रात्री पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो. आठ दिवसांत, पहिल्याच वेळी, साठीच्या माणसाला घेऊन, मी नेणार नाही. त्यासाठी वेगळी बारा दिवसांची ट्रिप करा, आणि परमिट-फीचे नियम बदलत असतात ते निघायच्या आधी बघून घ्या.

तब्येतीचं आता नीट वाचा. नागपूर ३१० मीटरवर, लेह ३५०० च्या आसपास, आणि विमान तुम्हाला दिल्लीहून तासा-सव्वातासात वर नेऊन ठेवतं. तिथे प्रत्येक श्वासात आपल्या तुलनेत दोन तृतीयांशच ऑक्सिजन. म्हणून पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही, आणि काहीच म्हणजे खरंच काहीच नाही, मार्केट नाही, शांती स्तूप तर मुळीच नाही. खिडकीत बसा, मॅगपाय, दोन्ही प्रकारचे चफ, पॉप्लरच्या फांद्यांवर टिट, अंगणात ब्राउन अ‍ॅक्सेंटर, एवढं खोलीतूनच होतं. जेवण हलकं, पाणी भरपूर, दारू बंद, डोकं दुखणं-झोप न लागणं हे पहिल्या रात्री बहुतेकांना होतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढत गेला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस बावचळल्यासारखा बोलू लागला तर सकाळची वाट पाहू नका, लेहच्या एसएनएम हॉस्पिटलला थेट जा, त्यांना रोजचं आहे हे. हिवाळ्यातली अडचण अशी की खाली उतरायचं म्हटलं तर विमानाशिवाय भरवशाची वाट नसते, मनाली रस्ता बंद, श्रीनगरकडच्या झोजी ला खिंडीचा नेम नाही. म्हणून तर म्हणतो की उंचीशी खेळ नको.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी पुष्कळ लोक घेतात आणि फायदा होतो, पण ती लघवी वाढवणारी गोळी आहे, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर अडचण, आणि बाबांच्या बीपीच्या गोळीत आधीच तसलं काही असेल तर डोस डॉक्टरनंच ठरवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही, माझ्याकडूनही नाही.

आणि खोलीतली बुखारी किंवा गॅस हीटर. झोपताना बंद. खिडकीची फट उघडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, थंडीच्या नादात लोक सगळं घट्ट लावून शेगडी पेटती ठेवून झोपतात आणि उठत नाहीत. जाड रजया देतात तिथे, गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या, रात्र निघते.

थंडी झेपेल का? २०१८ च्या डिसेंबरात आपल्याकडे ३.५ डिग्री झालं तर आख्खं शहर शेकोटीभोवती होतं, आणि लेहची फेब्रुवारीतली रात्र उणे दहा-बाराची. पण हवा कोरडी आणि दिवसा ऊन कडक, त्यामुळे कपडे बरोबर असले तर झेपतं, एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत पाणवठ्यावर बसणाऱ्या माणसांना सहनशक्ती शिकवायची गरज नाही. सुती बनियन घालू नका, घामानं ओलं झालं की ते वाळत नाही. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर डाउन जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. लोकरीचे मोजे आणि टोप्या आपल्या तिबेटी स्वेटर मार्केटमधून घ्या, चांगल्या मिळतात, त्यातले काही विक्रेते तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले असतात. बूट एक नंबर मोठे, कारण दोन मोजे घालून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात, हे लोकांना उलटंच वाटतं. हातात आधी पातळ ग्लोव्ह, वर जाडे, शटर दाबताना फक्त वरचा काढायचा. गॉगल आणि सनस्क्रीन विसरलात तर दोन दिवसांत नाक सोलून निघेल.

दुर्बिणीची एक गंमत सांगतो. मफलर नाकावर असला की श्वास वर जाऊन आयपीसवर बसतो, धुकं धरतं आणि बघता बघता त्याचा बर्फ होतो, मग माणूस ग्लोव्हनं घासतो आणि कोटिंगची वाट लागते. मफलर हनुवटीपर्यंत ओढा, श्वास खालच्या बाजूला सोडा, आणि बर्फ बसलाच तर दुर्बीण जॅकेटच्या आत पाच मिनिटं ठेवा. बॅटऱ्या थंडीत पटापट उतरतात, जास्तीच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवायच्या, उतरलेली बॅटरी गरम झाली की बरेचदा परत थोडी चालते. संध्याकाळी खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच बॅगेत घालून चेन लावून टाका, आणि तासाभरानं उघडा, नाहीतर लेन्सच्या आतपर्यंत वाफ धरते. कार्ड आधीच काढून घ्या म्हणजे फोटो बघायची घाई होणार नाही.

बाकी किरकोळ. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालेलच असं नाही, पोस्टपेड बरं, निघायच्या आधी एकाचं तरी करून घ्या. नळ गोठलेले असतात, बादलीत गरम पाणी मिळतं, अंघोळीचा आग्रह सोडा. बरीच हॉटेलं बंद असतात, होमस्टे बघा, स्क्यू आणि थुक्पा गरमागरम मिळतं, बाबांना गुरगुर चहा खारट लागेल पण एकदा तरी प्यायला द्या. ड्रायव्हर लोकलच घ्या, साधं डिझेल त्या थंडीत गोठतं, हे त्याला सांगावं लागत नाही, २०१९ पासून विंटर ग्रेड डिझेल तिथे मिळतं. आणि कुत्री. हिवाळ्यात टुरिस्ट नसतात, हॉटेलचं उरलंसुरलं मिळत नाही, भुकेल्या टोळ्या फिरतात, नदीकाठी एकटं चालू नका, हातात काठी ठेवा. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं लडाखमध्ये सगळ्यात जास्त नुकसान हीच करतात, पण तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

तिकीट काढताना जातानाची रात्र दिल्लीत धरा, लेहची विमानं सकाळचीच असतात, नागपूरहून त्याच दिवशी कनेक्शन जुळवायला जाऊ नका. येतानाही लेहहून सुटायच्या दिवसानंतर एक दिवस मोकळा हवा, ढग उतरले की विमान रद्द होतं आणि दुसऱ्या दिवशीचंही भरलेलं असतं. दिल्ली-नागपूरचं तिकीट बदलता येईल असं घ्या. विमान रद्द झालंच तर एअरपोर्टवर भांडत बसू नका, रीशेड्यूल करा आणि गाडी सरळ शेला न्या.

आणि हे सगळं बुक करण्याआधी बाबांना एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा, बीपीच्या गोळीचं नाव, जायची उंची आणि डायमॉक्स, तिन्ही कागदावर लिहून न्या.